आमचे थिसिसवाले साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याशी एकदा भांडून हरलेला असणार. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एकूण एक एसटी ड्रायव्हरशी त्यांचं वाजलेलं आहे. भांडण सुट्ट्या पैशांवरून नाही, जागेवरून तर नाहीच. गाडी थरथरते, यावरून! बाकीचे लोक लोहा गाव यायच्या आधीच पेंगायला लागतात. साडू मात्र खिडकीच्या पट्टीवर तळहात ठेवून, कपाळाला आठ्या घालून बसतात आणि शेवटी उठून ड्रायव्हरपाशी जातात. "इंजिनाचा डावीकडला बोल्ट सैल हाय. डेपोत सांगा." चाकूरच्या अलीकडे एका ड्रायव्हरनं त्यांना हात जोडले होते. "साहेब, गाडी चालून ऱ्हायली ह्यातच आनंद माना. थरथरायची थांबली की तुम्हालाच उतरून ढकलावं लागंल." मी शेजारच्या सीटवर बसून हा माणूस आपल्या ओळखीचा नाही असं दाखवत होतो, तर साडूंनी तिथूनच मला साक्षीला बोलावलं.

पाहुणे म्हणून आले तरी तीच तऱ्हा. राम राम नाही, पाणी नाही, आधी फ्रिजवर तळहात. "पावणं, ह्याला थंडीताप आलाय का?" मग पंचांगाच्या कॅलेंडरचं जुनं पान दुमडून फ्रिजच्या पायाखाली जाणार, मिक्सर उलटा होणार, पंख्याखाली स्टूल येणार. धाकट्या मेहुणीच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे जनरेटरपाशी उकिडवे बसले होते. अक्षता त्यांनी जनरेटरवरच टाकल्या, असं माझी बायको आजही शपथेवर सांगते. मला त्यात शंका घ्यावीशी वाटत नाही.

आम्ही दोघं नांदेडच्या एकाच खाजगी कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचो. एके दिवशी संस्थेनं फर्मान काढलं: जे नुसते बीई आहेत त्यांनी ठरलेल्या मुदतीत मास्टर्स करावं, नाहीतर घरी बसावं. मास्टर्सला दोन वाटा होत्या. कोर्सवर्कची वाट म्हणजे जादा विषय घ्या, पेपर द्या, एक सेमिनार करा, मोकळे व्हा. थिसिसची वाट म्हणजे स्वतःचा प्रश्न शोधा, स्वतः मापं घ्या, आणि गाईडची सही मिळेपर्यंत त्याच्या मागं फिरा. पोटापाण्याची काळजी असलेल्या सगळ्या शहाण्या माणसांनी कोर्सवर्क घेतलं. मीही घेतलं. साडूंनी भर स्टाफरूममध्ये मला सुनावलं, "कोर्सवर्क म्हंजे पंगत, पावणं. ताटाभवती पाणी फिरवायचं, वाढलं ते खायाचं, उठायचं. सैपाक कुणी केला, काय ठावं न्हाई." मी इतका भडकलो की आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. पंगतीत बसलो, पोटभर जेवलो, फर्स्ट क्लास आणला, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. चीड वेगळ्याच लोकांची येते. आमच्यातल्या काहींनी थिसिस घेतला तो बाईंडिंगसकट तयार आणला आणि आतला विषय व्हायव्हाच्या सकाळी वाचला. त्यांना साडू काही बोलले नाहीत. मला बोलले.

त्यांचा प्रश्न होता डाळ मिलच्या चाळणीचा. लातूरच्या एका मिलमध्ये डाळ आणि चुनी, म्हणजे तुकडा-भुसा, वेगळी करणारी मोठी हलती चाळणी होती आणि तिची चौकट दर हंगामाला एकाच ठिकाणी तडकायची. वेल्डिंगवाला यायचा, सांधून जायचा, पुढच्या तुरीला पुन्हा तडा. का? एवढंच साडूंना हवं होतं. मिलचे मालक अप्पा, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अतिशय प्रेमळ माणूस. त्यांनी चाळणीवर सेन्सर चिकटवायला आनंदानं परवानगी दिली. चाळणी किती हादरते ते हा बोटाएवढा सेन्सर मोजणार, तारेनं ऑफिसातल्या पेटीत साठवणार आणि साडू दर रविवारी, मिल बंद असताना, एसटीनं जाऊन, वाटेत भांडून, ती मापं घेऊन येणार.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मिल धुतली गेली, यंत्रांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. त्यानंतर साडूंची मापं एकदम सुधारली. एकसारखी, शांत, कागदावर बघत राहावं अशी. गाईड सर खूश झाले, म्हणाले, लिहून काढा, सही करतो. साडूंनी भर हंगामातली सगळी मापं त्याच गोडीत घेतली, थिसिस टाईप झाला, मुदत महिन्यावर आली. आणि एका रविवारी मिल चालू होती, मीही सोबत होतो, साडूंनी सवयीनं चाळणीवर हात ठेवला आणि जागच्या जागी थिजले. "पावणं, माझ्या मापापरमाणं ही चाळणी माझ्या नातवापतूर टिकाया पायजे. आन् ही तर आताच तुटायला निघालीय." खाली वाकून पाहिलं तर सेन्सर चाळणीवर नव्हताच. शेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर नीट चिकटवलेला होता, वर कुंकवाचं बोट. अप्पांना विचारलं तर ते भाबडेपणानं म्हणाले, "खंडेनवमीला मीच हलविला की, सर. लई थरथरून ऱ्हायला हुता बिचारा. म्हणलं, जरा निवांत जागी बसू द्यावं."

मला हसू फुटलं आणि पुढच्याच क्षणी मुदत आठवली. परतीच्या एसटीत मी त्यांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, भाऊ, हे तुम्हाला, मला आणि अप्पांना माहीत. गाईड सही करायला तयार आहेत. कोण जाणार आहे ओटा बघायला? त्यांनी दुसऱ्या दिवशी गाईडना स्वतःच जाऊन सांगितलं. गाईड म्हणाले, मी हे ऐकलंच नाही असं समजा. साडूंनी तरी मापं फाडली; नवी घ्यायची तर पुढचा हंगाम लागणार होता. मग संस्थेनंही, एकदाच्या मेहेरबानीनं, निरोप धाडला: अजून कोर्सवर्कला नाव घाला, उन्हाळ्यात पेपर द्या, नोकरी राहील. मी धावत त्यांच्या घरी गेलो, ओरडलो, त्यांच्या बायकोदेखत त्यांना मूर्ख म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "दुसऱ्यानं इचारलेला प्रश्न असता तर सोडला असता, पावणं. ह्यो मला पडलेला हाय."

मी अक्कांकडे वळलो. त्या साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या तरी चार शब्द सुनावतील असं वाटलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मला बघाया आले, तवा ह्यांनी सगळ्यांम्होरं सांगितलं हुतं, माझे दोन पेपर राहिलेत म्हणून. तवा त्येच आवडलं मला. आता कुठल्या तोंडानं भांडू?" आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. जून उजाडला आणि साडूंची नोकरी गेली. तयार थिसिसवाले सगळे कायम झाले. एकाला विभागप्रमुख केलं. ही गोष्ट आठवली की मी अजूनही जेवता जेवता ताट सरकवतो.

साडू आता लातूरला एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतात. तिथंही भांडतात म्हणे. चार पर्यायांतलं उत्तर सांगण्याआधी प्रश्न कसा पडला ते सांगतात, आणि मालक घड्याळ दाखवतो. रविवारी मिलमध्ये जातात. मी एकदा चिडून विचारलं, आता ही मापं दाखवणार कुणाला? ते म्हणाले, "दाखवाया कशाला? तडा कुठून सुरू व्हतो ते कळून ऱ्हायलंय आता. थोडं राहिलंय."

दर वर्षी मास्टर्सच्या नव्या मुलांना दोन्ही वाटा समजावून सांगायचं काम आता माझ्याकडं आलं आहे. मी दोन्ही नीट सांगतो आणि शेवटी म्हणतो, माझं ऐकाल तर कोर्सवर्क घ्या. एवढं बोलून मी जरा थांबतो, वर्गाकडे बघतो, कुणीतरी भडकून उठेल म्हणून. कुणी उठत नाही. सगळे मुकाट्यानं लिहून घेतात.