गेम सुरू होण्याआधीची ओळ

या सदरातले अतर्क्य अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसलो आहे. माझं वय चौऱ्याहत्तर. सगळी नोकरी सिंदी रेल्वे या गावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर म्हणून गेली. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढंच मला माहीत. बायकोबरोबर गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जायचो, पण ती चढताना धापा टाकते म्हणून सोबतीला. तरी आज लिहितो आहे... आणि जे लिहिणार आहे त्यातला निम्मा भाग माझ्या मुलीच्या हाताबद्दल मी तेहतीस वर्षं सांगत आलेल्या खोट्याचा आहे.

मुलीचं नाव सुनंदा. पंधरा वर्षांची असताना जिनिंगमध्ये तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. पुढे ती डाव्या हातानं लिहायला शिकली, टायपिंग शिकली आणि गावातल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. क्लासवाल्यांनी मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर तिनं घरी आणला होता. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. रविवारी जेवण झालं की ती त्यावर गेम खेळायची. गाड्यांची शर्यत, विमान, भुयारातला माणूस. सगळं डाव्या हातानं. मी बाजूला खाटेवर पेपर वाचत असायचो. "बाबा, पाहा ना, पहिला नंबर आला," म्हणायची. मी पेपरातून डोकं वर न काढता "हो" म्हणायचो.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. किडनीचं दुखणं होतं. लग्न झालं नव्हतं, का झालं नव्हतं ते पुढे येईल.

तिचा तो कॉम्प्युटर केव्हाच बंद पडला होता, पण हार्ड डिस्क तिनं जपून ठेवली होती. वर्ध्याला लॅपटॉप दुरुस्त करणारा एक ओळखीचा माणूस आहे, प्रशांत. त्यानं डिस्कमधून अकरा गेम काढून माझ्या लॅपटॉपवर टाकून दिले. जुने गेम नव्या मशीनवर चालत नाहीत, त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम लागतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. तोही त्यानं टाकला.

"काकाजी, या वयात गेम खेळता? काकूले सांगू काय?"

"सांग. ती म्हणन, टीव्हीसमोरून तरी उठला."

तो हसला. मग त्यानं समजावलं की सगळ्या गेमना एकच सेटिंग चालत नाही. एक गेम इतका पळतो की गाडी दिसतच नाही, दुसरा रांगतो, तिसऱ्याला आवाज येत नाही. म्हणून प्रत्येक गेमची वेगळी कॉन्फिगरेशन फाइल करायची. त्यात वेग किती, साउंड कार्ड कोणतं ते लिहायचं, आणि शेवटी कोणत्या फोल्डरमध्ये जाऊन कोणता गेम सुरू करायचा त्या तीन-चार ओळी.

हे काम मला आवडलं. जिनिंगमध्ये मी प्रत्येक मशीनची अशीच वेगळी वही ठेवत असे, कारण एकाच कंपनीची दोन मशीनं कधी सारखी चालत नाहीत. रोज दुपारी बायको पडली की मी बसायचो. वेगाचा आकडा थोडा वाढवायचा, गेम लावून पाहायचा, पुन्हा कमी करायचा. पंधरा दिवसांत अकरा फाइली झाल्या. प्रत्येकीतली ओळ न् ओळ मी वहीत उतरवून ठेवली आहे.

सोळाव्या दिवशी गाड्यांचा गेम लावला तर तो सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येऊन थांबलं. अर्थ असा की पुढे जायला कोणतीही कळ दाबा. मी कळ दाबली, गेम सुरू झाला. नंतर फाइल उघडून पाहिली. फोल्डरची ओळ आणि गेम सुरू करायची ओळ, या दोघींच्या मध्ये एक शब्द होता. पॉज, म्हणजे थांबा.

मी तो लिहिला नव्हता. वहीतही नव्हता. वाटलं, चुकून झालं असेल. खोडला. दुसऱ्या दिवशी तो परत होता... आणि बाकीच्या दहाही फाइलींमध्ये, बरोबर त्याच जागी.

असं आठ दिवस चाललं. मी खोडायचो, तो यायचा. फाइल कुलूपबंद करून पाहिली, म्हणजे कोणी बदलू शकणार नाही अशी. तरी आला. लॅपटॉप प्रशांतकडे नेऊन दोन दिवस ठेवला. त्याच्याकडे काहीच झालं नाही. घरी आणून उघडला आणि अकराही फाइलींमध्ये तो शब्द.

"काकाजी, फाइल बदलल्याची तारीख जुनीच हाय," मी वाचून दाखवलेली तारीख ऐकून प्रशांत फोनवर म्हणाला. "म्हणजे ते पहिलेपासूनच असंल. तुम्ही इसरले असान."

विसरलो असेन. या वयात माणूस विसरतो. पण त्या शब्दाच्या जागेनं माझी झोप उडाली होती, आणि ते मी प्रशांतला सांगू शकत नव्हतो.

आमच्या जिनिंगमध्ये तेव्हा एकाच लांब शाफ्टवर पट्ट्यांनी चोवीस मशीनं चालायची. स्टार्टर एका टोकाला, त्याचं हँडल ओढलं की सगळी मशीनं एकदम सुरू. तिथून दुसरं टोक दिसत नसे. म्हणून पद्धत होती, हँडलला हात लावण्याआधी ओरडायचं, "चालू करू काय?" आणि थांबायचं. पलीकडून "कर" आलं तरच हँडल ओढायचं. आलं नाही तर जाऊन पाहायचं. नव्या फिटरला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

त्या दिवशी सुनंदा डबा घेऊन आली होती. जेवणाची सुट्टी, मशीनं बंद. शेवटच्या मशीनच्या रोलरमध्ये कापूस अडकला होता. मीच तिला म्हणालो, "बाई, तेवढा कापूस ओढून काढ, मी हात धुवून येतो." हात धुताना मॅनेजर ओरडला की कापसाच्या गाड्या खोळंबल्यात, लवकर चालू कर. मी स्टार्टरकडे गेलो आणि हँडल ओढलं. ओरडलो नाही. थांबलो नाही.

सगळ्यांना मी सांगितलं की मशीन आधीच चालू झालं होतं आणि पोरीनं खेळता खेळता हात घातला. मॅनेजरला सांगितलं, पोलिसाला सांगितलं, दवाखान्यात बायकोला सांगितलं. तिथं बायको तिला म्हणाली, "चालू मशीनमंदी हात घालते काय वं? इतकी कशी धांदरट तू?" सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहत होतो. "चुकलं आई," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं कधी त्याचा विषय काढला नाही. गावात ती चालू मशीनमध्ये हात घालणारी पोरगी झाली. लग्नाच्या तीन स्थळांकडून नकार आले, ते बोटांसाठी नव्हते. "पोरगी समजदार नाई म्हणतात," असा निरोप एका पाहुण्यानं माझ्याच अंगणात बसून दिला. मी त्याला चहा दिला.

नवव्या दिवशी दुपारी गाड्यांचा गेम लावला. पडदा काळा, ते वाक्य, आणि शेवटी लुकलुकणारी खूण. मी कळ दाबली नाही. हात मांडीवर ठेवून बसलो. किती वेळ बसलो सांगता येणार नाही. मग मला न विचारताच माझ्या तोंडून निघालं, जिनिंगमध्ये निघायचं तसंच, मोठ्यानं...

"चालू करू काय, बाई?"

पडदा पुढे गेला. हात मांडीवरच होते. गाडी रस्त्यावर उभी, इंजिनाचा तो जुना किरकिरा आवाज. कळ दाबल्याशिवाय ती ओळ पुढे जात नाही, हे प्रशांतनं मला नंतर तीनदा सांगितलं.

मागे बायको दारात उभी होती.

"कोणाले इचारून राह्यले?" तिनं विचारलं. चाळीस वर्षं फिटरची बायको, ती हाक तिला माहीत होती. "आन् काऊन रडून राह्यले?"

मी सगळं सांगितलं. कापूस काढायला मीच सांगितलं, इथपासून. ती जमिनीवर बसली.

"आखरीच्या दिवसात तिच्या हातून पान्याचा गिलास पडला," ती म्हणाली. "मी म्हटलं, जनमभर धांदरटच राह्यली. ते आखरीचं बोलणं झालं माह्यं तिच्यासंग. तुम्ही तिथंच होते."

होतो.

"माफ कर," मी म्हणालो.

"मले काय मांगता? मी कोण हाय? ज्याईले ज्याईले खोटं सांगतलं, त्याईले जाऊन सांगा."

त्या दिवसापासून ती ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. मॅनेजर वारला, तो पाहुणा वारला. जे उरलेत त्यांच्या घरी जाऊन आलो. कोणी म्हणालं, जाऊ द्या आता, जुनी गोष्ट. एका म्हाताऱ्यानं मला उभंच ठेवलं आणि दार लावून घेतलं. जे भेटले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

तो शब्द कुठून आला, मला माहीत नाही. फाइली अजून तशाच आहेत, मी आता खोडत नाही. प्रशांत म्हणतो प्रोग्रामची गडबड असेल. कोणी म्हणेल, म्हातारपणात मीच लिहिला आणि विसरलो. तसंही असेल. सुनंदा होती असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण ती आली असती तर माझ्यासाठी कशाला आली असती?

पाठवण्याआधी हा मजकूर बायकोला वाचून दाखवला. तिनं भाजी निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकला. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"ते समजदार होती, हे कुठं लिहलं?"

लिहिलं नव्हतं. आता लिहितो. माझी मुलगी सुनंदा समजदार होती.