खालच्या ओळी वाचणारी

गेल्या चार वर्षांत मी इराणचे, कोरियाचे, तैवानचे, जपानचे मिळून दीड-दोनशे सिनेमे पाहिले असतील, आणि त्यातल्या एकाही नटीचा चेहरा मला धड आठवत नाही. आठवतात त्या पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी. त्या वाचायच्या, मनातल्या मनात मराठी करायच्या आणि आईच्या उजव्या कानात सांगायच्या, तोवर पुढची ओळ आलेली असते. वर कोण कुणाकडे कसं बघतंय, हे पाहायला मला सवडच मिळत नाही.

आई गौलीगुड्यातल्या मराठी शाळेत गणित शिकवायची. निवृत्तीनंतर तिच्या डोळ्यांच्या मधोमध एक धूसर डाग आला आणि पसरत गेला. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही, असं ती स्वतःच हसत सांगते. सिनेमा बघायचा तर ती तोंड बाहेरच्या दाराकडे करून बसते, म्हणजे पडदा डोळ्याच्या कडेत येतो. नवख्या माणसाला वाटतं, या बाईंना इथून पळून जायचंय. पळून जायचं असायचं ते मला.

हे थेटर खरं तर माझं होतं. अफझलगंजच्या अलीकडे, एकच पडदा, एरवी तेलुगू सिनेमे. रविवारी सकाळी दहाला मालक ते सिनेमाची आवड असलेल्यांच्या एका मंडळाला देतो आणि ही मंडळी आशियातले नवेनवे सिनेमे मागवतात. मी एकटी जायची. आठवड्यातले ते दोन तास मला कुणी हाक मारत नसे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई ऑफिसच्या दिवशी अधूनमधून डोकावायच्या आणि रविवारी तेवढ्या वेळात आईपाशी बसायच्या. एका रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले, आईला एकटं ठेवायचा मला धीर होईना, आणि सिनेमा सोडवेना. म्हणून तिला सोबत नेलं. बाहेर येताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी काय आहे?" तिथंच मी अडकले. चूक माझीच, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

आमच्या कुजबुजीबद्दल लोकांनी लवकरच कुरकुर केली. मंडळाच्या सेक्रेटरींनी मग आम्हाला शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या भिंतीच्या पंख्याखाली बसवलं. तो पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, त्यामुळे त्याच्याखाली काहीही बोललं तरी पुढं जात नाही. आमच्या पुढच्याच खुर्चीवर एक म्हातारे भाईसाब येऊन बसायला लागले. बेगम बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, आता मुलं बघतात. इंग्रजी वाचता येतं, पण हळू. अर्धी ओळ वाचून होते तोवर ती गेलेली असते. ते मान मागं टाकून माझी मराठी ऐकायचे. त्यांच्यासाठी मी मधूनमधून दख्खनी शब्द पेरायला लागले. एकदा त्यांना सर्दी झाली होती, दोन रविवार आले नाहीत, तर मला चुकल्यासारखं झालं. म्हणजे कटकट वाटायची ती वाटायचीच, आणि वर थोडा तोराही आला होता. माझ्यावाचून या दोघांचा सिनेमा मुका, असं मला वाटायचं.

याच दिवसांत ऑफिसात तिसऱ्यांदा बढतीचं पत्र आलं. जागा दिल्लीला. मी दोनदा आईचं कारण देऊन नाकारलं होतं. तिसऱ्यांदा नाकारलं की आमच्याकडे पुन्हा विचारत नाहीत, आहे त्या टेबलावर निवृत्त व्हायचं. मला सत्तेचाळिसावं चालू आहे. टेबलाच्या उजवीकडे खिडकी आहे, ती बाहेरून फळी ठोकून बंद केलेली. अजून तेरा वर्षं ती फळी बघायची. उत्तराला महिन्याभराची मुदत होती. पत्र पर्समध्ये घेऊन मी तीन आठवडे हिंडले आणि आईला एक अक्षर बोलले नाही. ती नको म्हणेल हे मी गृहीत धरलं होतं. ती नको म्हणेल, मी गप्प बसेन, आणि मग जन्मभर तिच्यावर चिडायला मला हक्काचं कारण मिळेल. हे आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा माझा हिशेब हाच होता.

त्या रविवारी तैवानचा सिनेमा होता. एक मुलगी लाँड्री चालवते, मागच्या खोलीत तिची आई अंथरुणाला खिळलेली. पहिला तासभर दोघी फारसं बोलतच नाहीत, त्यामुळे माझं काम हलकं होतं. मग एका दुपारी मुलगी चादरींच्या घड्या करता करता थांबते आणि आईला काहीतरी म्हणते. खाली जेमतेम पाच शब्दांची ओळ आली: मी तू मरायची वाट बघते.

पंखा वाजत होता, आईचा कान माझ्या तोंडाशी होता, कानातलं कर्णफूल जरासं हलत होतं.

"ती म्हणते, चादरी वाळल्या," मी सांगितलं.

पडद्यावर रडण्याचा आवाज यायला लागला.

"चादरी वाळल्या तर रडायली कशाला ती?" आईनं विचारलं.

पुढच्या खुर्चीतले भाईसाब हळूच वळले. ओळ छोटी होती, त्यांनी ती पूर्ण वाचली होती. "बेटी," ते म्हणाले, "उनो ऐसा नइं बोली." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्याकडून एक ओळ सुटली, ती त्यांनी उचलून परत दिली, इतकंच.

"काय बोलली?" आई म्हणाली. "नीट सांग."

आता सुटका नव्हती. मी तिच्या कानात सांगितलं. "ती म्हणाली, मी तू मरायची वाट बघते." बोलताना माझा आवाज चिरकला, आणि तो सिनेमातल्या मुलीसाठी चिरकला नव्हता हे न कळण्याइतकी आई भोळी नाही.

आईनं दाराकडचं तोंड काढून माझ्याकडे केलं. म्हणजे तिला मी दिसणं बंद झालं.

"मी पण बघितली," ती म्हणाली. "तुझ्या आजीची. अकरा वर्षं. तिला भरवताना, तिचं आवरताना, रोज. गेली त्या दिवशी मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आधी झोपले. मग रडले." मग म्हणाली, "पुढं सांग."

पण पुढं सांगायला मी खालच्या ओळी वाचतच नव्हते. मी म्हटलं, "आई, माझी दिल्लीला बदली आलीय. बढतीवर. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय."

"कधी आलं पत्र?"

"तीन आठवडे झाले."

"मग जा की," आई म्हणाली. "खालच्या बाईंना मी विचारते दिवसभरासाठी. त्यांना काम पाहिजेच आहे. रात्री त्यांची पोरगी माझ्यापाशी झोपेल." जणू तिनं हे गणित केव्हाच फळ्यावर मांडून ठेवलं होतं. मग तिनं पुढं वाकून भाईसाबांच्या खुर्चीच्या पाठीवर टिचकी मारली. "भाईसाब, ये दिल्ली जारी. अगले इतवार से आप बोलते क्या मेरेकु?"

भाईसाब गडबडले. "मेरेकु पूरा पढने नइं आता अम्मा."

"जित्ता आता उत्ता बोलो."

"हौ," भाईसाब म्हणाले, "जित्ता पढा उत्ता बोलतुं."

झालं. तीन आठवडे मी ज्याच्यासाठी झोप घालवली, ते पंख्याखाली पाच मिनिटांत उरकलं. मला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. ती रडेल, निदान एकदा हात धरेल, असं मला कुठंतरी वाटत होतं. सिनेमातली मुलगी पुढं काय करते ते मला माहीत नाही. उरलेला वेळ मी काहीच सांगितलं नाही आणि आईनंही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आईनं मला तालीम म्हणून दूर बसायला लावलं. "मी गेले असं समज आणि आपला सिनेमा बघ." मी चौथ्या रांगेत, मधोमध बसले. चार वर्षांनी पहिल्यांदा अख्खा पडदा माझा होता. कझाकस्तानातला माळ, घोडे, वारा. एक म्हातारा आणि त्याची सून. सून दिसायला सुरेख होती एवढं मी ठरवून पाहिलं. पण डोळे पुन्हा पुन्हा तळाशी जायचे आणि ओठ हलायला लागायचे. शेजारच्या माणसानं दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

भाईसाबांची कुजबुज म्हणजे बाजारातली, तिला पंखा पुरत नव्हता. "अम्मा, बुड्ढा बोलरा घोडा बेच देतुं." म्हातारा बरोबर उलटं म्हणाला होता. घोडा विकणार नाही, असं. मी अर्धी उठले. उठून तिथं जावं, त्यांच्या आणि आईच्या मधे बसावं आणि सगळं नीट सांगावं, असं मला झालं. तेवढ्यात आई काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसली. माझ्याबरोबर ती सिनेमात कधी हसली नव्हती. मी इतकी बिनचूक सांगायची की तिला मधे बोलायला जागाच उरत नसे. मी परत खाली बसले. माझा सिनेमा त्या कोपऱ्यात चालला होता, आणि माझ्या समोर नुसते घोडे पळत होते.

सोमवारी ऑफिसात मी पत्र काढलं. आधीच्या दोन वेळी लिहिलेलं वाक्य हात आपोआप लिहायला निघाला. आईला माझी गरज आहे. ते लिहिता येईना, कारण ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मी आदल्याच दिवशी माझ्या कानांनी ऐकलं होतं. दिल्लीत मला कुणी हाक मारणार नव्हतं. इतकी वर्षं मला तेच हवं होतं, आणि आता त्याचीच धडकी भरली. दुपारपर्यंत मी त्या कागदापुढं बसले. मग 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून नकार पाठवला. शिपाई घेऊन गेला. खिडकीच्या फळीतून एका फटीएवढा उजेड येत होता, तो बघत मी पाच वाजेपर्यंत बसले.

घरी आले तर आई कपाट उघडून जमिनीवर बसली होती. बाजूला माझी प्रवासाची बॅग उघडी पडलेली. तिनं कपड्यांचे ढीग केले होते आणि एकेक कापड बोटांनी चाचपून पाहत होती.

"कळवलंस का?" तिनं विचारलं.

"कळवलं."

तिला पुढं काही विचारायची गरज वाटली नाही. ढिगातून तिनं माझा जुना लोकरीचा स्वेटर ओढून काढला, दोन्ही हातांनी वर धरला आणि तोंड भिंतीकडे वळवून डोळ्याच्या कडेतून बघायचा प्रयत्न केला.

"दिल्लीच्या थंडीला हा लागेल," ती म्हणाली. "हा निळाच ना?"

स्वेटर तपकिरी होता. "हो, निळाच," मी म्हटलं, आणि तिच्या हातातून तो घेऊन, नीट घडी घालून बॅगेत ठेवला.