बाबांच्या बुलेटवरचं भांडण

बाबांच्या तेराव्याला, घरात पानं मांडलेली असताना, माझ्या भावाचे दोन मित्र अंगणात बाबांच्या बुलेटपुढे उकिडवे बसून भांडत होते. मी ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आले. त्यातला एक वर न बघताच म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय. इंजिन नंबर वाचायचाय."

मी बाजूला झाले. त्याच्यावरचा राग आज निवलाय. मी बाजूला का झाले, हा राग मात्र तसाच आहे.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. आम्ही आंबिवलीत राहायचो. बाबा मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते आणि ती बुलेट त्यांनी माझ्या जन्माच्या आधी जुनीच घेतलेली. भावाला शिकवायला गेले तर किक उलटी बसून त्याची नडगी सोलवटली. तेव्हापासून तो तिच्यावर बसला नाही, पुढे बँकेत लागल्यावर त्याने स्कूटर घेतली. मग बाबांनी मला शिकवलं. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, हँडलजवळचा खटका दाबून किक हळूच खाली न्यायची, सोडायची आणि मग सगळं अंग टाकून मारायची. "ताकद नाही लागत," बाबा म्हणायचे, "ऐकावं लागतं." शेवटच्या दोन वर्षांत त्यांना दम लागायचा, तेव्हा मीच त्यांना मागे बसवून कल्याणला डॉक्टरांकडे न्यायचे.

पण गाडीचं पुढे काय करायचं हे ठरवायला बसले ते भाऊ आणि त्याचे मित्र. डोंबिवलीत एका गॅरेजसमोर दर रविवारी सकाळी आठ-दहा जण जमायचे. त्यांच्यात दोन तट, आणि अंगणात भांडत होते ते त्या तटांचे म्होरके. एकाचा म्होरक्या ठाण्यातला, चांगल्या घरचा, शिकलेला. त्याच्या मते जुन्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलणं पाप. टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या आहेत की नाहीत, यावर तो तासभर बोलू शकायचा. दुसऱ्या तटाचा म्होरक्या ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. फूटपाथवर मिळालेलं एक विलायती मासिक त्याने झिजेपर्यंत वाचलेलं. "कॅफे रेसर बोलतात याला," तो सांगायचा. "मडगार्ड काढ, हँडल खाली घे, सीट एकाची कर. गाडी पळवायला असते, पूजा करायला नाय."

"मग नवीन घेऊन काप ना. हा इतिहास आहे."

"इतिहासाला गंज चढतो रे."

वर्षभर हेच चाललं. आणि वर्षभर बुलेट आमच्या पत्र्याच्या पडवीत उभी. पावसाळ्यात पत्रा गळायचा, सायलेन्सरमध्ये पाणी गेलं. मी टिटवाळ्याच्या शाळेत गणित शिकवायला लागले होते. भावाला म्हटलं, "ठरेपर्यंत मी चालवते. उभी राहून मरेल ती."

"तुला काय कळतं त्यातलं?" तो म्हणाला. एवढंच. रागाने नाही, सहज. तेच जास्त लागलं.

एका गुरुवारी शाळेतून आले तर पडवी रिकामी. आई म्हणाली, "टेम्पोत घालून नेली. कापणार म्हणत होता." खाडीकाठच्याने फुकट रेसर करून देतो म्हटलं, आणि भावाने हो म्हटलं होतं. मला विचारणं तर सोडाच, सांगायचंही कुणाला सुचलं नाही. रात्रभर माझे दात आवळलेले होते.

शुक्रवारी शाळेला दांडी मारून मी डोंबिवलीला गेले. पुढचं-मागचं मडगार्ड उतरवलेलं, हँडल बदलून खाली घेतलेलं. मागची सीट आणि कॅरियर भंगाराच्या ढिगावर पडलेलं. त्या सीटवर आई बसायची. शेवटी शेवटी बाबा बसायचे. खाडीकाठचा हात पुसत पुढे आला.

"ताई, अजून अर्धंच झालंय. बघा तरी कशी होते ती."

"सीट बांधून दे. मी घेऊन चाललेय."

"तुम्ही? अहो, दोनशे किलोच्या आसपास आहे ती. भाऊ येऊ दे."

गॅरेजचा म्हातारा मिस्त्री आतून ऐकत होता. त्याने सीट, कॅरियर, मडगार्ड पोत्यात भरले. "हे रिक्षातून पाठवतो," तो म्हणाला. "इंजिन मी साफ केलंय. किक मार तू."

पहिली फुकट गेली. दुसरीही. कुणीतरी हसलं. मला इतका संताप आला होता की मी ऐकतच नव्हते, नुसती लाथा घालत होते. थांबले, श्वास घेतला, काटा मध्यावर आणला. तिसऱ्या किकला ती धडधडली.

कल्याण, शहाड, मोहने. मडगार्ड नसल्याने चिखल थेट पाठीवर उडत होता. आणि खरं सांगायचं तर त्या खाली घेतलेल्या हँडलमुळे गाडी वळणावर अशी आत झुकत होती की बाबांच्या वेळी कधी झुकली नव्हती. मला मजा येत होती. खाडीकाठचा निदान अर्धा बरोबर होता, आणि याचाही मला रागच आला.

संध्याकाळी भाऊ घरी आला तो तणतणत. "गाडी माझ्या नावावर आहे. मित्रांत माझी लाज काढलीस."

मी बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नावावर तर रेशनकार्डपण आहे तुझ्या. रांगेत कोण उभं राहतं?"

तो जेवला नाही. पुढची दोन वर्षं आम्ही जेवढ्यास तेवढं बोललो.

म्हाताऱ्या मिस्त्रीकडून मी मडगार्ड परत बसवून घेतले. हँडल थोडं वर घेतलं, पण पहिल्याइतकं नाही. मागे सीट, कॅरियर, आणि ओढणी चाकात जाऊ नये म्हणून जाळी. मग एका रविवारी मुद्दाम गॅरेजसमोर नेऊन उभी केली. दोघे म्होरके गाडीभोवती फिरले.

"ना ओरिजिनल राहिली," ठाण्याचा म्हणाला.

"ना रेसर झाली," खाडीकाठचा म्हणाला. "वाट लावली, ताई."

वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं. मी म्हटलं, "तुमच्यातल्या एकाने तरी ही गाडी कधी चालवलीय का?" ठाण्याचा चहा मागवायला वळला. मी किक मारली आणि निघाले.

पुढे सात वर्षं मी तिच्यावरून टिटवाळ्याला शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी दोनदा बोलावून "शोभत नाही" म्हणून सांगितलं, दोन्ही वेळा मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीवरूनच गेले. शहाण्णवच्या सुमाराला इंजिनाची क्रँक गेली आणि गाडी भंगाराच्या भावात विकावी लागली. तेव्हाही भाऊ म्हणाला, मूळ रूपात ठेवली असती तर आज चांगली किंमत आली असती. कापायला त्यानेच नेली होती, हे तो विसरलाय. पाहुण्यांना अजून सांगतो, बाबांची गाडी हिने घालवली. मी तिथेच बसलेली असते, आणि दर वेळी माझं डोकं पहिल्याइतकंच तापतं.