भाईचा दुसरा ‘आला’

उमरखेडात आमचा स्टुडिओ होता तेव्हा माझ्या कॅमेऱ्याला पाच मीटरची वायर होती आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला भाई होता. भाई म्हणजे माझा भागीदार. आधी रेडिओ-टेप दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटर शिकला. मी बटण दाबलं की फोटो वायरीतून थेट त्याच्या कॉम्प्युटरवर जायचा, कॅमेऱ्यात काही उरत नसे. गिऱ्हाइकाला आपला चेहरा तिथल्या तिथे मोठा दिसायचा आणि नंतरची भांडणं वाचायची. फोटो पडद्यावर उमटला की भाई म्हणायचा, “आला.” मग तोच फोटो शेजारच्या वेगळ्या डिस्कवर उतरवायचा आणि पुन्हा म्हणायचा, “आला.” हा दुसरा ‘आला’ ऐकल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही, असा त्याचा नियम होता.

मला तो नियम अजिबात सोसत नसे. मी जन्माचा उतावळा, त्यात तोंडाचा फाटका. मी करवादलो की भाई दारासमोर उभ्या असलेल्या एखाद्या ट्रककडे बोट दाखवायचा. ट्रकच्या मागे लिहिलेलं असायचं, ‘अति घाई, संकटात नेई’.

कापसाची ती वाईट वर्षं. लग्नं आटोपशीर होत, आणि हसऱ्या फोटोंपेक्षा अर्जाला लावायचे फोटो जास्त निघत. तरी मी सुखात होतो, हे कबूल केलं पाहिजे. माणसांचे चेहरे पाहत दिवस जायचा आणि भाईसारखा सोबती होता. आणखी काय पाहिजे?

एका सकाळी बंजारा तांड्यावरची एक म्हातारी गाठोडं घेऊन आली. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. आतल्या खोलीत जाऊन ती कपडे बदलून आली आणि आम्ही दोघंही उभे राहिलो. घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, आरशांची चोळी, म्हणजे कांचळी, आणि कवड्या लावलेली ओढणी. सगळं तिनं तरुणपणी स्वतःच्या हातानं शिवलेलं होतं.

“तीन पोरी हायेत मले,” ती म्हणाली. “एकीले फेटिया, एकीले कांचळी, एकीले ओढनी. उद्यापासून येऊन नेतीन. मंग मी लुगडंच नेसन. त्याच्या आधी मले अख्खी काढ.”

पडद्यावर स्वतःला पाहून ती मलाच शिकवू लागली. “मान वाकडी हाय. कवड्या दिसून नाही राह्यल्या. पुन्हा काढ.” मी पुन्हा काढायचो, भाई दोनदा ‘आला’ म्हणायचा, आणि घड्याळ पुढे सरकायचं. लोडशेडिंगमुळे रोज अकराला लाइट जायची. शेवटी माझा धीर सुटला.

“भाई, ते उतरवनं बंद कर. मंग निवांत कर. लाइट जाईन ना.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. याडीचे सकाळपासूनचे सगळे फोटो एका फोल्डरात होते. तो अर्धा उतरलेला फोल्डर त्यानं दुसऱ्या डिस्कवरून काढूनही टाकला, म्हणजे नंतर सगळे एकदमच घेता येतील. मग मला हवा तो फोटो मिळाला. याडी सरळ कॅमेऱ्यात बघत होती, जणू सगळा तांडा तिच्या मागे उभा होता.

त्या दिवशी लाइट अकराच्या आधीच गेली. यूपीएसची बॅटरी बदलायचं मी दोन महिने टाळत होतो. ती एकदा किंचाळली आणि गप्प झाली. लाइट आल्यावर कॉम्प्युटरची डिस्क नुसती टकटक करत राहिली. नांदेडला नेऊन आणली, काही निघालं नाही. बाकीचं जुनं काम दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होतं. गेले ते फक्त याडीचे फोटो, आणि तोवर मुली एकेक करून येऊन कपडे घेऊन गेल्या होत्या.

मला लाज वाटली, आणि लाजेपोटी खोटंही सुचलं. प्रिंट बिघडली, वेळ लागेल, असं सांगू म्हणालो.

“खरं सांगू,” भाई म्हणाला. “दोघं जाऊ. तुहं ऐकून मी बी थांबलोच ना.”

याडी अंगणात कापसातला पालापाचोळा वेचत बसली होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

“मी मेली का?” तिनं विचारलं.

“नाही, याडी.”

“कपडे जळले का?”

“नाही.”

“मंग रडून काहून राह्यला? पोरींले बोलाव. तू हरपवलं, तूच जमव.”

सांगणं सोपं होतं. तिघी बहिणी सणालाही एका वेळी माहेरी येत नसत, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी कोण सोडणार? थोरली ढाणकीच्या बाजूला, मधली पार केळापूरकडे, धाकटी पैनगंगेपलीकडे. मी तिघींच्या दारात जाऊन आलो. थोरलीनं मला भर शेतात उभं करून झापलं. “आमची याडी काय अर्जाचा फोटो हाय, पुन्हा काढाले?” मी ऐकून घेतलं. एवढं निमूट मी आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं.

शेवटची वेचणी झाल्यावर, बाजाराच्या दिवशी, तिघी आल्या. प्रत्येकीच्या हातात आपापलं गाठोडं. आधी एकमेकींशी जरा तुटक बोलल्या. मग आईला सजवायला लागल्या आणि खोलीत कलकलाट झाला. एक नाडी बांधतेय, एक ओढणी ओढतेय, धाकटी हसून बेजार. मी उजेड तपासायला एक बटण दाबलं; तो फोटो ठेवायचा नव्हता, म्हणून भाई एकदाच ‘आला’ म्हणाला. मग तिघींना बाजूला करून मनासारखे फोटो घेतले. त्या प्रत्येकाला भाईनं दोनदा ‘आला’ म्हटलं, आणि मी चकार शब्द काढला नाही.

याडी कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. भाई एकेक फोटो दाखवत होता. तो पहिला, उजेडाचा फोटो आला. त्यात थोरलीची नुसती पाठ, मधलीच्या ओठांत पिन, धाकटीचा चेहरा हसण्यात हललेला, आणि मधोमध अर्धवट नेसलेली याडी.

“हा उडवतो,” भाई म्हणाला. “खराब हाय.”

याडीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“हाच दे. तीन दे. जो गेला त्या फोटोत मी एकटीच होती.”

थोरलीनं आईच्या खांद्यावरची ओढणी उगाच सारखी केली. घड्याळात अकराला पाच मिनिटं होती. भाईनं तो फोटो दुसऱ्या डिस्कवर पाठवला, आणि तो ‘आला’ म्हणेपर्यंत आम्ही बाकीचे पाचही जण पडद्याकडे बघत थांबलो.