शालिनीला विहिरीत लोंबकळत ठेवणाऱ्यांना

वाचक मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मी रागाने डकवते आहे.

आज दुपारी आळीतल्या बायकांना ती नवी प्रेमाची अन् खुनाची कादंबरी वाचून दाखवत होते. पहिला भाग संपला तेव्हा शालिनी विहिरीत दोराला लोंबकळत होती आणि दोर तिच्या प्रियकराच्या हातात होता. मी पुस्तक मिटलं.

"मिटलंस?" सासूबाई कडाडल्या. "पोथीत कुणी संकटात असलं तर आमी उठत न्हाई. पोरीला आदी वर काढ!"

शेजारच्या सखूमावशींनी तर लेखकाचाच उद्धार केला. "बाईमाणसाला टांगून स्वता जेवाय गेला आसंल मेला!"

दुसरा भाग न्यायला धावत आले, तर तो आधीच कुणीतरी नेलेला. वरून या फळ्यावर त्यांचाच अभिप्राय : 'रहस्य छान ताणले आहे.' ताणलंय? अहो, दोर ताणलाय!

पुस्तक नेणारे गृहस्थ, तुमचं नाव मला कळलंय, इथे लिहीत नाही. तुमची बायकोही माझ्या ओसरीवरच बसली आहे. शालिनी वर येईपर्यंत ती उठणार नाही.

रात्री भाकरी हवी ना?