मुसकी काढलेले बैल

आमच्या भिंतीवर एकुलता एक फोटो होता, खळ्यावरचा. माझ्या जन्माआधी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंदुरबारहून फोटोवाला बैलगाडीत घालून आणला आणि दादर ज्वारीच्या मळणीचा फोटो काढवला. मळणी कसली! भर उन्हात आबा काळा कोट घालून उभे, बैलांच्या पाठीवर पोळ्याच्या झुली, आजोबा खुर्चीत. खळ्यात खुर्ची! मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात, नाहीतर तो कणसंच फस्त करील. पण बैलांची तोंडं फोटोत यायला हवीत म्हणून आबांनी मुसकी काढायला लावलेली. कडेला सूप धरून माझी आई. समोर सासरे, म्हणून पदर थेट हनुवटीपर्यंत.

मी वर्षाची असताना ती गेली. मला वाढवलं आत्यानं, पण ती तेव्हा लांब सासरी, तिनं भावजयीला जेमतेम एकदोनदा पाहिलेलं. आई कशी दिसायची विचारलं की म्हणायची, "गोरी व्हती." झालं वर्णन! आबांकडे विषय काढला की ते उठून गोठ्याकडे जात. मग मी त्या पदराकडेच बघत बसायची. फार राग यायचा त्या पदराचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा कपडे ठेवायला जुनी पेटी रिकामी केली. तळाशी तोच काळा कोट निघाला, आणि त्याच्या घडीत दुसरा फोटो. त्याच दिवसाचा.

"हाऊ त बिघडेल शे," आत्या म्हणाली.

बिघडलाच होता. एका बैलानं कणसांच्या ढिगात तोंड खुपसलंय, मान हलल्यानं त्याचं डोकं नुसतं धुरकट. आबा कासरा ओढताहेत, आजोबा खुर्चीतून अर्धे उठलेत. आणि आईनं सूप टाकून बैलाचं शिंग धरलंय. पदर खांद्यावर. तोंड भरून हसतेय, आणि पुढच्या दोन दातांत ही एवढी फट.

तीच फट माझ्या दातांत आहे. तिच्यापायी मी जन्मभर तोंडावर हात ठेवून हसत आले होते, आणि ती आबांकडूनच आली असं समजून त्यांच्या घराण्याला मनातल्या मनात नावं ठेवत होते.

आबा दारात येऊन उभे राहिले. फोटो माझ्या हातात होता. मी त्यांच्याकडे बघून हसले, तोंडावर हात न ठेवता.

त्या दिवशी आबा गोठ्याकडे गेले नाहीत. माझ्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "अशीच हसायची."