बसा, सार्जंट

“ह्या गोऱ्या साहेबाला जरा नीट बोलायला लावा,” टेप थांबवायला सांगून गायकवाड म्हणाले. ते तुर्भ्याच्या एका मंडळाचे सेक्रेटरी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मंडळाला चौदा एप्रिलच्या जयंतीला व्हिडिओवर दाखवायला अमेरिकेतल्या काळ्या सैनिकांवरचा एक युद्धपट मराठीत हवा होता.

वाशीतल्या त्या लहानशा डबिंग स्टुडिओत मी नुकताच लागलो होतो. संवाद मराठीत लिहिणं हे माझं काम. घरातला पहिला बी.ए. मी, अशी नोकरी असते हेही आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं.

इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत आधी ठरवावं लागतं, तू की तुम्ही. सिनेमातला गोरा कॅप्टन वयस्क काळ्या सार्जंटला ‘बॉय’ म्हणतो. मी लिहिलं, ‘ए पोरा’. ‘प’ला ओठ मिटतात, त्यामुळे लिप-सिंकही जुळत होतं, म्हणजे पडद्यावरचं तोंड आणि आमचा आवाज बरोबर चालत होते. अगदी शेवटी तोच कॅप्टन त्याला खुर्ची देतो. तिथे मी लिहिलं, ‘बसा, सार्जंट.’

“जयंतीला पण आपल्या माणसांनी अरे-तुरेच ऐकायचं?” गायकवाड म्हणाले. “पहिल्यापासून ‘तुम्ही’ करा. नायतर कॅसेट नको आमाला.”

“करून टाक रे,” आमचे मालक प्रधानसाहेब म्हणाले.

“साहेब,” मी म्हणालो, “तेव्हा त्या सैनिकांना कोणी तुम्ही म्हणत नव्हतं. माझ्या आजोबांना पाटलांचा शाळकरी नातू अरे म्हणायचा. तेच पुसलं, तर त्यांनी काय सोसलं ते कळणार कसं?”

प्रधानसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “भांडू नका. सुरुवात आणि शेवट दोन्ही तऱ्हांनी रेकॉर्ड करू. ऐका आणि ठरवा.”

पहिल्या तऱ्हेत कॅप्टन दोन्हीकडे ‘तुम्ही’ म्हणाला. शेवटचं ‘बसा’ आलं आणि गेलं. दुसऱ्या तऱ्हेत, आधीच्या ‘ए पोरा’नंतर, ते ऐकताच गायकवाड खुर्चीत पुढे सरकले.

“परत लावा.”

परत लावलं.

“आमचा मुकादम रिटायर झाला, पण कधी बसा म्हणाला नाय,” ते म्हणाले. “राहू दे तुमचं अरे.”

जयंतीच्या कार्यक्रमात पहिल्याच ‘ए पोरा’ला एका बाईंनी कॅप्टनचा मोठ्याने उद्धार केला. उठून मात्र कोणी गेलं नाही. ‘बसा’वर इतक्या शिट्ट्या पडल्या, की मी घासूनपुसून लिहिलेले पुढचे संवाद कोणाला ऐकूच आले नाहीत.

नवख्याच्या एका शब्दासाठी प्रधानसाहेबांनी स्टुडिओ अडवून ठेवला, हे उपकार मी विसरलेलो नाही. पुढे बरेच युद्धपट लिहिले. बंदूक, गणवेश चुकला तर लोक चालवून घेतात. कोण कोणाला अरे म्हणत होतं, ते चुकलं की इतिहासच चुकतो.